बडोद्यात भुकेवर काम करायचं तर आधी खिचडी वाटायची की सर्व्हे करायचा?

तू लिहिलंयस की मंडळातली मुलं म्हणतायत दर रविवारी खिचडी वाटू आणि तुझे गाईड म्हणतायत आधी सर्व्हे कर, थिसिसही त्यातूनच होईल. मी इथेच होम सायन्सला न्यूट्रिशन केलंय आणि नंतर बरीच वर्षं वस्त्यांमधून फॉर्म भरत फिरलेय, तर माझं मत गाईडच्या बाजूने. खिचडीची रांग देवळापाशी नाहीतर स्टेशनबाहेर लागते, तिथे वाटणारे आधीच चिक्कार आहेत. ज्या घरात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सून सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते, ती सून काही तुमच्या रांगेत येऊन उभी राहणार नाही.

आता सगळे तुला म्हणतील, रेशन मिळतं की! मिळतं, नाही कोण म्हणतंय. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयवाल्यांना म्हणजे सगळ्यात गरीब घरांना घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३पासून फुकट. पण ५ किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, मजुरी करणाऱ्या माणसाचं त्यात कसं भागणार, आणि भाजी दूध अंडं तर विकतच आणायचं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेत १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, म्हणजे रक्त कमी असलेल्या, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत तर जवळजवळ ८० टक्के. ॲनिमियाला इतरही कारणं असतात हे खरं, पण ताटात काय पडतं ते बघितल्याशिवाय ह्याचं उत्तर मिळत नाही.

सर्व्हेसाठी स्वतःचे प्रश्न बनवत बसू नकोस. एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची, आठ प्रश्नांची प्रश्नावली आहे, तीच घे. ती हलक्यापासून जडाकडे जाते, म्हणजे आधी पैशाअभावी खायला पुरेल की नाही ह्याची काळजी वाटली का, मग तेच तेच खावं लागलं का, मग एखादं जेवण टाळलं का, आणि शेवटी अख्खा दिवस उपाशी काढला का. गेल्या महिन्याबद्दल विचारलंस तर लोकांना नीट आठवतं. बायकांच्या आहारासाठी कालच्या दिवसात दहा अन्नगटांपैकी किती खाल्ले ते विचार, पाचाच्या खाली असेल तर ताट अपुरं धरतात.

पण विचारायचं कसं हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. नवरा किंवा सासू समोर असली की उत्तर ठरलेलं, 'अमारे तो बधुं बराबर छे', आमचं सगळं ठीक आहे. बाई एकटी असेल तेव्हा विचार, आणि मुलांनी नाही, मुलींनीच विचारायला जावं. दुसरं म्हणजे उपास. एका बाईला विचारलं जेवण टाळलं का, तर म्हणाली नाही, गुरुवार होता. बरं म्हटलं, मग उपासाला काय खाल्लं, तर म्हणाली चहा. साबुदाणा नाही, केळं नाही, शेंगदाणे नाहीत, नुसता चहा, आणि सोमवारीही तसंच! फॉर्ममध्ये हे 'नाही' म्हणून गेलं असतं. म्हणून उपास म्हटलं की पुढे काय खाल्लं ते विचारायचंच, आणि श्रावणात किंवा रमजानमध्ये सर्व्हे ठेवायचाच नाही, सगळा डेटा गढूळ होतो.

प्रोजेक्ट म्हणशील तर माझ्या मते स्वयंपाकघरापेक्षा आधी कागदाचं काम घ्या. दाहोद, झाबुआ, अलिराजपूरकडून बांधकामावर आलेली माणसं इथे ढीगभर आहेत, त्यांचं कार्ड गावाचं. वन नेशन वन रेशन कार्डमध्ये त्यांना बडोद्यातल्या दुकानातून धान्य घेता येतं, अर्धं घर गावी असेल तर थोडं इथे थोडं तिथे असंही उचलता येतं, पण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं आणि एखादा दुकानदार 'गावी जाऊन घ्या' म्हणाला की ते मुकाट्याने परत जातात. मंडळातली दोन मुलं संध्याकाळी साईटवर बसून 'मेरा राशन' ॲपवर कार्ड तपासत गेली आणि गरज पडली तर दुकानापर्यंत सोबत गेली तरी ते रविवारच्या टोपापेक्षा जास्त धान्य घरात पोचवतील.

ऑगस्ट २०२४च्या पुरात हेच दिसलं. विश्वामित्री नदीचं पाणी घरात होतं तोवर फूड पॅकेट एवढी आली की काही फेकली गेली. पाणी उतरल्यावर भिजलेलं धान्य टाकून द्यावं लागलं, मजुरी बुडाली, उधारी वाढली, आणि तोवर वाटणारे घरी गेलेले.

थिसिससाठी एकच सांगते, मदत सुरू व्हायच्या आधी त्या घरांचे आठ प्रश्न भरून ठेव आणि सहा महिन्यांनी त्याच घरी तेच प्रश्न परत विचार, शेजारची एखादी वस्ती जिथे तुम्ही अजून पोचला नाहीत तिचेही दोन्ही वेळा घे, नाहीतर फरक तुमच्यामुळे पडला की धंद्याचा सीझन होता म्हणून, हे व्हायव्हाला सांगता येणार नाही. एथिक्स कमिटीची परवानगी आधीच टाक, तिला वेळ लागतो. खिचडी गणपतीत करा ना, हौसेने.