दह्याताकातल्या बॅक्टेरियामार्फत लस देता येईल का?

तुम्ही विचारलंय की दह्यातल्यासारखे निरुपद्रवी बॅक्टेरिया वापरून तोंडाने घ्यायची लस का बनवत नाहीत. बनवतात, उंदरांवर चाललीये पण! मी मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चीज-ताकाच्या विरजणात लॅक्टोकोकस लॅक्टिस नावाचा निरुपद्रवी बॅक्टेरिया असतो. त्याच्यात धनुर्वाताच्या विषाचा फक्त एक तुकडा बनवणारं जीन (जनुक) घालतात. नुसत्या तुकड्याने अपाय होत नाही पण शरीराला विषाची ओळख पटते. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी असे बॅक्टेरिया उंदरांना तोंडावाटे दिले, नंतर खरं विष टोचलं, तरी उंदरांना संरक्षण मिळालं.

मग मेडिकलमध्ये का नाही? जीन घालणं आता काही अवघड राहिलेलं नाही, खरी अडचण आपल्या आतड्याची आहे. तिथे रोज वरणभात, पालेभाजी, ताक आणि त्यासोबत कोट्यवधी जंतू येणार, प्रत्येकावर भडकत बसलं तर जगणंच मुश्कील, म्हणून आतडं बहुतेकांकडे काणाडोळा करायला शिकलेलं असतं. म्हणजे जंतू जितका गरीब तितकं त्याला कोण विचारतंय? त्यात लॅक्टोकोकस मुक्कामालाही राहत नाही, एक-दोन दिवसांत बाहेर.

म्हणूनच बाजारात आली ती टायफॉइडची टीवाय२१ए नावाची तोंडी लस. तिच्यातला जंतू टायफॉइडचाच, १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये कमजोर केलेला. तो आतड्याच्या भिंतीत शिरतो, मग दखल घ्यावीच लागते. ही कॅप्सूल एक दिवसाआड, जेवणाच्या तासभर आधी, थंड किंवा कोमट पाण्यासोबत न चावता गिळायची असायची कारण वरचं आवरण जठरातल्या अॅसिडपासून वाचवायचं, आणि अँटिबायोटिक चालू असेल तर घ्यायचीच नसायची, आतले जंतूच मेले असते.

जीन बदललेला जंतू संडासावाटे बाहेर गेला तर, ही भीती रास्त आहे. त्यावर बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी छान उपाय काढला, लॅक्टोकोकसचं थायमिडीन (डीएनए बनवायला लागणारा एक घटक) तयार करणारं जीनच काढून टाकलं, थायमिडीन बाहेरून मिळालं नाही की तो मरतो.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते. तोंडी लसी गरीब वस्तीतल्या मुलांमध्ये कमी चालतात, पोलिओच्या डोसबद्दल वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी हे १९७० च्या दशकातच दाखवलं होतं. त्यामुळे अशी लस आलीच तर आपल्याकडच्या मुलांमध्ये चाचणी झाल्याशिवाय नुसत्या युरोपातल्या आकड्यांवर ती इथे सुरू करू नये.