टेम्पो डावीकडे बसलाय

प्रश्न : आमचा २०१४चा टाटा ४०७ आहे, भाऊ चालवतो. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून ठाण्याला माल नेतो. दोन महिन्यांपासून गाडी पुढून डावीकडे बसलीय आणि गतिरोधकावर ‘खट्’ असा आवाज येतो. गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, काही फरक नाही. आता तो चारही बाजूंचे पाटे बदला म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, शॉकअप बदलून गाडी वर येणारच नव्हती. वजन पेलतात ते पाटे, म्हणजे अ‍ॅक्सलवर एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शॉकअप फक्त त्यांचं उसळणं आवरतो. न मोजता तुमचा खर्च केला, याचा मला खरोखर राग आला.

मी १९९८ साली कळंबोलीत कामाला लागलो, तेव्हा उस्तादांनी पान्ह्याच्या आधी हातात टेप दिली होती. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. गाडी रिकामी करून सपाट काँक्रीटवर उभी करा, पुढच्या दोन्ही टायरांत सारखी हवा भरा. मग अ‍ॅक्सलच्या माथ्यापासून चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) तळापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. मडगार्डवरून मोजू नका. पत्रा कधीतरी ठोकलेला असतो, केबिनचे रबर बसलेले असतात. दोन्ही आकडे सारखे आले तर पुढचे पाटे ठीक आहेत, केबिनच झुकलीय.

आकड्यांत फरक आला तरी लगेच पुढच्या पाट्यांना हात घालू नका. पुढच्या चाकांना दगड लावा आणि मागे चॅसीच्या बरोबर मध्ये जॅक देऊन गाडी उचला. पुढचा भाग सरळ झाला तर दोष मागच्या पाट्यांत आहे. नाही झाला, तर डावा पुढचा सेट वायर ब्रशने घासून नीट बघा. पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या (पाट्यांच्या मधून आरपार जाणाऱ्या) भोकाशी, यू बोल्टच्या (पाटे अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या) पकडीत तुटतो, म्हणून वरवर दिसत नाही. गंजाची ताजी लाल रेघ किंवा एखाद्या पाट्याचं सरकलेलं टोक, एवढीच खूण मिळते. पुढच्या हबपासून (चाकाच्या मध्यापासून) मागच्या हबपर्यंतही दोन्हीकडे मोजा. डावीकडे कमी भरलं तर सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल मागे सरकलाय. गाडी डावीकडे ओढतही असेल, भावाला विचारा.

आवाज वेगळा शोधायचा. त्याचं आणि झुकण्याचं कारण एकच असेल असं नाही. शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीच्या) फटीत पहार घालून उचका. पिन उडी मारत असेल तर तिच्याभोवतीचे बुश गेलेत. मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा (नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका) आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर भावाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं ती. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं बघा.

पाटा एकच तुटला असेल तर तेवढाच बदला. पाटे कमान उतरून बसले असतील तर पुढचे दोन्हीकडचे एकदम करा, मागच्यांना हात लावायचं कारण नाही. गाडी उचलायला एका बाजूला जादा पाटा घालू नका, ती दुसरीकडे झुकते. यू बोल्ट नवेच घ्या आणि लोड घेऊन दोन-तीन फेऱ्या झाल्या की पुन्हा आवळून घ्या. सेंटर बोल्ट तुटतो तो बहुतेक ढिल्या यू बोल्टमुळेच.

शॅकलला ग्रीस मारताना चॅसी उचलून पाट्यांवरचं वजन काढायला सांगा. वजन असताना पिन ज्या बाजूला घासते तिथे ग्रीस पोचतच नाही. बारा-तेरा वर्षांच्या गाडीचे बुश मी याच कारणाने सुकून गेलेले पाहिलेत.

मेन (सगळ्यात वरच्या, लांब) पाट्यालाच तडा दिसला तर मात्र एक गोणीही भरू नका. गाडी तिथेच उभी ठेवा, मेकॅनिकला बोलवून घ्या.