जपानमध्ये ओकायामाला तीन दिवस आहे. त्यातला एक दिवस बिझेनला द्यावा का, की तिथे नुसती मातीची भांडीच आहेत?

‘नुसती मातीची भांडी’ हे तुमचे शब्द वाचले आणि उत्तर लिहायला बसलो, कारण हेच शब्द मी आमच्या घरात अकरा वर्षे ऐकत आलो आहे. एक दिवस जरूर द्या.

मी ओकायामात दोन वर्षे नोकरीला होतो. पुण्यातले सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्या धर्तीवर उभारले, ते कोराकुएन मी तिथे अनेकदा पाहिले. पण मन रमले ते पूर्वेकडच्या बिझेनमध्ये, त्यातही इम्बे या भागात. तीसेक हजार वस्तीचे हे शहर आहे. इम्बे स्टेशनाबाहेर थोडे चालले की घरांच्या छपरांमधून भट्ट्यांची विटांची चौकोनी धुराडी वर आलेली दिसतात आणि अंगणांत पाइनची फोडलेली लाकडे रचून ठेवलेली असतात.

तिथल्या एका दुकानात मी एक पेला हातात घेतला. त्यावर झिलई नव्हती, रंग फिकट बदामी होता आणि अंगावर तांबडे, आडवेतिरपे पट्टे होते. हे पट्टे कोणत्या रंगाने काढले, असे मी दुकानातल्या आजींना विचारले, तेव्हा त्यांनी आतून मूठभर भाताचा पेंढा आणला आणि एका कच्च्या पेल्याभोवती गुंडाळून दाखवला. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पेंढा घालत. त्यातला क्षार मातीतल्या लोहाशी मिळून हा पट्टा उमटतो आणि त्याला ‘हिदासुकी’ म्हणतात. लाकडाची राख उडून भांड्यावर वितळली की जे ठिपके उठतात ते ‘गोमा’, म्हणजे तीळ. भातखाचरांच्या खालून काढलेली ही माती भाजताना फार आक्रसते, त्यामुळे तिच्यावर झिलई टिकत नाही आणि आच हळूहळू चढवत भट्टी दहा-बारा दिवस पेटती ठेवावी लागते.

तो पेला मी थोरल्या काकांसाठी आणला. त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “अरे, भाजताना बिघडलेला माल तुझ्या गळ्यात मारला. आपला कुंभार असली खापरं फेकून देतो.” काकांचे बालपण चिपळूणजवळ भातशेतीत गेले, त्यामुळे पेंढ्याची हकिगत त्यांना तरी भावेल असे मला वाटले होते, पण त्यांचे मत आजही तेच आहे आणि मला त्याचे वाईट वाटते. जो टाळायचा असूनही पडतो तो डाग. इथे पेंढा कुठून कसा न्यायचा हे कुंभार ठरवतो, फक्त तो कसा उमटेल हे आगीच्या हाती असते. बिझेनचा वाटण घोटायचा खल फेकला तरी फुटत नाही, अशी तिथे जुनी म्हण आहे. गेल्या दिवाळीत काकांचा पेला ओट्यावरून फरशीवर पडला, तेव्हा त्याच्या काठाचा टवकासुद्धा उडाला नाही.

भांड्यांपलीकडे पाहायचे असेल तर शिझुतानी शाळा आहे. इकेदा मित्सुमासा या सरदाराने 1670 मध्ये ती सामान्य रयतेच्या मुलांसाठी सुरू केली आणि तिची उभारणी त्सुदा नागातादा याने केली, ज्याने पुढे मित्सुमासाच्या मुलासाठी कोराकुएनही रचले. 1701 च्या सुमारास पूर्ण झालेले तिचे व्याख्यानगृह आज राष्ट्रीय ठेवा आहे. काका ज्याला खापर म्हणतात, त्याच बिझेनच्या भाजलेल्या मातीची कौले त्या छपरावर आहेत, आणि त्या छपराचा फोटो मी त्यांना दोनदा दाखवला आहे.

जाण्यायेण्याचे आधी सांगायला हवे होते. इम्बे अको मार्गावर आहे, ओकायामाहून साधारण चाळीस मिनिटे लागतात, पण गाड्या मोजक्या आहेत. शिझुतानीसाठी सान्यो मार्गावरचे योशिनागा स्टेशन जवळचे. तिथून पुढे तीनेक किलोमीटर आहे, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करायचे तर टॅक्सी गृहीत धरा. तलवारींसाठी जाणार असाल तर तलवारी घडवण्यासाठी प्रसिद्ध असलेले ओसाफुने बिझेनमध्ये नाही, शेजारच्या सेतोउची शहरात आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी इम्बेत भांड्यांची जत्रा भरते, तेव्हा गर्दी असते पण निवड मोठी मिळते. पेला घेतलात तर हिदासुकीचाच घ्या, आणि घरी कोणी त्याला बिघडलेला म्हणाले तर आधी पेंढ्याचे सांगा, किंमत नंतर.