समोरचा तगडा असला की डोकं का फिरतं?

प्रश्न : काका, मी अमळनेरचा, वय १९. वर्षभरापासून टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतोय. बरोबरीच्या पोरांकडून हरलो तर काही वाटत नाही, पण कुणी तगडा आला की डोकं फिरतं. परवा ऑनलाइन एकाने ब्रायन हे पात्र घेऊन मला सलग नऊ मॅच धुतलं. तोच तो खालचा स्वीप, म्हणजे पायावरची लाथ, आणि मी दरवेळी खातोय. शेवटी कंट्रोलर पलंगाच्या लोखंडी पायावर आपटला, डावी स्टिक गेली. वडिलांनी कापसाच्या पैशातून घेऊन दिला होता. लहान बहीण शेजारी बसून बघायची. आता मी खेळायला बसलो की ती उठून जाते. शांत कसं राहू?

उत्तर : स्टिक बदलून मिळते, तिची काळजी करू नकोस. बहिणीचं तू अगदी शेवटी लिहिलंस, पण पत्र त्याचसाठी लिहिलंस असं मला वाटतं.

१९९९ साली जळगावात स्टेशनजवळ एक गेम पार्लर होतं. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, तासाला दहा रुपये. टेकन ३ चे दिवस. भुसावळहून पॅसेंजरने एक रेल्वेवाल्याचा मुलगा यायचा, एडी नावाचं पात्र घ्यायचा आणि आम्हा सगळ्यांना लोळवायचा. मे महिना, लाइट नुकतीच येऊन कूलर गरम हवा फेकतोय, आणि मी त्याच्याकडून चौदावी मॅच हरलो. पॅड भिंतीवर मारला. मालकाने आठ दिवस खेळायला बंदी केली, पण येऊन बसायला नाही म्हटलं नाही. मग मी त्या पोराच्या मागे स्टूल टाकून नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं : समोरचा पडला की तो उठायच्या वेळी हा खालून लाथ घालतो. दरवेळी! चौदा मॅच समोर बसून मला हे दिसलं नव्हतं.

जरा हिशेब मांडू. टेकन सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. साधा जॅब, म्हणजे झटपट ठोसा, १० फ्रेमचा, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. डोळ्याने बघून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे जॅब बघून अडवणं कुणालाच जमत नाही, जगज्जेत्यालाही नाही. तगडा खेळाडू तुझी सवय ओळखून खेळतो. मार खाल्ला की तू लगेच बटण दाबतोस, हे त्याला पहिल्याच राऊंडला कळतं. चिडलास की तू आणखी एकसारखा खेळतोस, त्याचं काम आणखी सोपं होतं.

ब्रायनचा तो स्वीप मात्र वेगळा. त्याला स्नेक एज म्हणतात आणि तो यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. तो दिसतो. खाली बसून अडवलास तर ब्रायन उघडा पडतो आणि पुढचा कॉम्बो, म्हणजे फटक्यांची माळ, तुझा. तू नऊ मॅच तो खाल्लास, कारण तुझे डोळे स्क्रीनवर होते आणि मन त्याला शिव्या देण्यात होतं. माझंही हेच व्हायचं.

प्रॅक्टिस मोडमध्ये डमीला, म्हणजे गेमच चालवतो त्या समोरच्या खेळाडूला, ब्रायन दे. स्नेक एज आणि एखादा मिड, म्हणजे बसलेल्यालाही लागणारा मधला फटका, असे दोन फटके रेकॉर्ड कर आणि आलटूनपालटून, कुठला येणार ते न कळता येऊ देत. नुसता स्वीप ठेवलास तर बसून राहायची सवय लागेल, आणि खऱ्या मॅचमध्ये मिड खाशील. रोज दहा मिनिटं पुरे. हरलेल्या मॅचचा रिप्लेही बघ. टेकन ८ मध्ये रिप्ले मध्येच थांबवून तिथून स्वतः खेळता येतं. आमच्या वेळी स्टूल होतं, तुला हे आहे.

मग रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या ऑनलाइन मॅचमध्ये, तगडा आला की एकच काम घे, स्वीप अडवायचा. मॅच गेली तर जाऊ दे. लागोपाठ दोन हरलास की रीमॅच दाबायच्या आधी कंट्रोलर गादीवर ठेव आणि माठातलं पाणी पिऊन ये. वाय-फायवर खेळत असशील तर राउटरपासून केबल ओढून घे, म्हणजे लॅगवर, नेट अडखळण्यावर, खापर फोडायची सोय उरणार नाही.

लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान ॲश याने २०१९ मध्ये जपान आणि अमेरिका, दोन्हीकडची इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा पाकिस्तानात माझ्याहून तगडे खेळाडू आहेत असं तो सांगत होता. घरी तो त्यांचा मार खात होता, म्हणून बाहेर उभा राहिला, असं मी मानतो.

भुसावळच्या त्या पोराला मी पुढे कधी मॅचमध्ये हरवलं नाही. मॅचमधले काही राऊंड मात्र घेतले, आणि पॅड पुन्हा भिंतीवर गेला नाही.

आज बहिणीला हाक मार. तिच्या हातात वही दे आणि तू किती वेळा खाली बसून अडवलंस त्याच्या रेघा ओढायला सांग. आठवडाभराचा आकडा मला कळव, आणि तो तिच्याच अक्षरात लिहून पाठव.