साखरपुडा झाला आहे, गोळ्यांचे सांगावे का?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची असून तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. दहावीत असताना मला पहिली फिट आली. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत आणि गेली तीन वर्षे काहीही त्रास नाही. साखरपुडा झाला आहे, लग्न दोन महिन्यांवर आहे. मुलाकडे यातले काही ठाऊक नाही. आई म्हणते, ‘सांगितलेस तर तुझे मोडेलच, धाकटीचेही जमणार नाही.’ सासरी न्यायला तिने गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवल्या आहेत. स्थळ आणणारे मामा म्हणतात, लग्नानंतर बघू. कोणी पाहील या भीतीने दोन वर्षांत मी डॉक्टरांकडेही गेलेले नाही. बाबा जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणतात. मी काय करावे?

उत्तर : लग्नाच्या प्रश्नाआधी त्या जुन्या चिठ्ठीबद्दल बोलायला हवे, कारण लपवालपवीने सर्वांत मोठा धोका तिथे निर्माण केला आहे आणि तो तुमच्या घरात अजून कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट हे फिट्सवर गुणकारी औषध आहे. परंतु गरोदरपणी ते चालू राहिले, तर दर शंभरांपैकी सुमारे दहा बाळांमध्ये मोठे जन्मजात व्यंग आढळते आणि तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीत अडचणी येऊ शकतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांतच बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे पुरते ध्यानात येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम यांसारखी त्या मानाने सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत, मात्र एक औषध हळूहळू कमी करून दुसरे वाढवायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि तुझ्या फिट्सच्या प्रकाराला काय लागू पडेल हे मेंदूविकारतज्ज्ञच ठरवू शकतात. तुझे लग्न ठरल्याचे डॉक्टरांना कळले असते, तर त्यांनी हा विषय आपणहून काढला असता. म्हणून या आठवड्यातच त्यांची वेळ घे. फॉलिक ॲसिड कधीपासून घ्यायचे आणि औषध बदलेपर्यंत गर्भनिरोधाचे कोणते साधन वापरायचे, हेही विचार, कारण फिट्सच्या काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. मात्र हे वाचून घाबरून व्हॅल्प्रोएट स्वतःच्या मनाने बंद करू नकोस; ते अचानक थांबवल्यास फिट्स एकामागून एक येऊन जिवावर बेतू शकते.

आता कॅल्शियमच्या डबीविषयी. गोळी चुकणे आणि झोप कमी होणे ही आटोक्यात आलेली फिट परत येण्याची अगदी नेहमीची कारणे आहेत. आपल्याकडे हळद, लग्न, सत्यनारायण, जागरण-गोंधळ आणि कुलदैवताचा प्रवास या साऱ्यात नव्या नवरीला आठवडाभर धड झोप मिळत नाही, त्यात उपवास असतात, आणि माणसांनी भरलेल्या घरात लपून गोळी घ्यायला तिला एकांत मिळेलच असे नाही. ज्या सासरी काही कळू नये म्हणून हा खटाटोप चालला आहे, तिथेच पाहुण्यांसमोर फिट येण्याची शक्यता या खटाटोपामुळे वाढते. आणि तसे झालेच, तर काय करायचे हे त्या घरात कोणालाच माहीत नसेल. कोणी कांदा आणेल, कोणी चप्पल हुंगवेल, कोणी दातांत चमचा घालील.

तुझ्या आईला मी दोष देणार नाही. फिट्सचे नाव काढताच स्थळे मोडतात, हे तिने पाहिलेले असणार, आणि तिच्या पिढीत तर कायदाही त्याच सुरात बोलत होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे, म्हणजे फिट्सच्या आजाराचे, वारंवार येणारे झटके ही विवाहातील बाधा म्हणून घातली गेली, आणि ती वगळायला १९९९ साल उजाडावे लागले. आज फिट्स येतात एवढ्यावरून तुझ्या लग्नाला कायद्याने हरकत घेता येत नाही. मात्र त्याच कायद्याच्या १२ व्या कलमाखाली, महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली, असा आरोप करून कोणी लग्न रद्द करून मागू शकते. न्यायालय तो मान्य करील की नाही हा पुढचा भाग; तुला त्या पायऱ्या चढाव्या लागतील. ‘लग्नानंतर बघू’ म्हणणारे मामा तेव्हा शेजारी उभे असतील याची मला फारशी खात्री वाटत नाही.

तेव्हा सांग, आणि पत्रिका छापायला जाण्याआधी सांग. पहिल्यांदा त्या मुलाला एकट्याला, समोरासमोर भेटून सांगावेस; मामांच्या तोंडून किंवा फोनवरून ही गोष्ट त्याच्यापर्यंत जाऊ नये. माफी मागितल्याच्या सुरात बोलण्याचे काही कारण नाही. दहावीपासून हा आजार आहे, औषध चालू आहे, तीन वर्षांत फिट आलेली नाही, आणि योग्य उपचार मिळाल्यास दहापैकी सुमारे सात जण फिट्सविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, एवढे पुरे. सांगायला उशीर झाल्याबद्दल तो नाराज झाला, तर ती नाराजी ऐकून घे, कारण साखरपुड्याआधी कळायला हवे होते हे त्याचे म्हणणे खोटे नसेल. विचार करायला त्याला चार दिवस दे आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला येण्याचे निमंत्रणही दे. फिट आल्यास कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळाकडे लक्ष ठेवायचे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठायचे, हे त्याने डॉक्टरांकडूनच ऐकलेले बरे. त्याचा होकार आल्यावर दोघांनी मिळून त्याच्या आईवडिलांना सांगा.

तो नाही म्हणू शकतो. तसे झाले तर गावात चर्चा होईल, तुला वाईट वाटेल आणि घरात काही महिने कठीण जातील. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. तरीही दोन महिन्यांनंतर, सासरच्या घरात, अशाच नकाराला सामोरे जाणे याहून कितीतरी अवघड असेल.

डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला मात्र आईला सोबत ने. बहुतेक प्रकारच्या अपस्मारात भावंडांना किंवा मुलांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडीच जास्त असते; तुझ्या बाबतीत नेमके काय आहे, हा धाकटीविषयीचा प्रश्न आईने स्वतः डॉक्टरांना विचारावा आणि उत्तरही स्वतःच्या कानांनी ऐकावे.