सातचा पट जमतो, आठचा बिघडतो

‘लूपमध्ये लूप आलं की माझं डोकंच चालत नाही. ब्रँच बदलू का?’ कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा कोड; एकाच्या आत दुसरं, म्हणजे नेस्टेड लूपचं प्रॅक्टिकल सुरू झालं की ही धास्ती हमखास ऐकू येते. अशा वेळी धीर देण्याआधी कोड पाहावा.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत 8 बाय 8 चा बुद्धिबळाचा पट काढायचा होता. त्याने ‘रंग’ हे एक व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं नाव, घेतलं होतं. घर छापून झालं की 0 चं 1, 1 चं 0. पडद्यावर आले उभे पट्टे. हाच कोड 7 बाय 7 ला मात्र बिनचूक चालायचा. त्यामुळे आपलं जमलं तर नशिबानेच जमतं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

इथे नशीब कुठेच नव्हतं. ओळीत 8 घरं असली की रंग 8 वेळा उलटतो आणि होता तिथेच येतो, म्हणून पुढची ओळही त्याच रंगाने सुरू होते. 7 वेळा उलटला की तो विरुद्ध रंगावर थांबतो.

मग लॅपटॉप मिटवून चौकटीची वही घेतली. 4 बाय 4 घरं, ओळी आणि स्तंभ 0 पासून मोजायचे, प्रत्येक घरात दोन्ही क्रमांकांची बेरीज लिहायची. पहिली ओळ 0, 1, 2, 3. दुसरी 1, 2, 3, 4. दुसरी ओळ लिहितानाच तो थबकला: उजवीकडे जा किंवा खाली, बेरीज एकाने वाढते, म्हणजे सम-विषम बदलतं. तिरकं गेलं तर बदलत नाही. नियम त्याने स्वतःच मांडला: (रो + कॉलम) % 2, म्हणजे बेरजेला 2 ने भागून उरलेली बाकी, शून्य आलं तर पांढरं, नाहीतर काळं. पडताळा सोपा आहे. खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं असतं. त्याची ओळ 7, स्तंभ 7; 7 + 7 म्हणजे 14, सम.

नवा कोड चालवल्यावर 64 घरं एकाखाली एक आली. ओळ बदलणारा रिकामा प्रिंट आतल्या लूपमध्ये शिरला होता. तो बाहेरच्या लूपच्या इंडेंटवर, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या तेवढ्याच जागेवर, आणला. ही चूक त्याची त्याला सापडली, म्हणून ब्रँचचा विषय सत्रपरीक्षेपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलं. तोवर रोज एकच नमुना, आधी वहीत. पुढचा नमुना: प्रत्येक घर 2 बाय 2 अक्षरांचं.