नवीन डिझेल पिकअपची सर्व्हिस 5 हजाराला करायची की 10 हजाराला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड टनी, बीएस-6 डिझेल पिकअप नुकताच घेतलाय. पिंपळगाव बसवंतहून वाशीला टोमॅटो, आठवड्याला चार खेपा. शोरूमवाले सांगतात 10 हजार किलोमीटरला या, गावातला मेस्त्री म्हणतो दर 5 हजाराला ऑइल बदला. ऐकायचं कोणाचं?

इंजिन ऑइलपुरतं शोरूमचं ऐका. पण ऑइल सोडून बाकीच्या निम्म्या गोष्टी 10 हजारापर्यंत थांबत नाहीत, आणि नवा पिकअप लवकर खराब होतो तो त्यांच्यामुळे.

आधी तुमचा हिशेब. जाऊन-येऊन सुमारे 400 किमी, म्हणजे आठवड्याला 1,600. दहा हजार किमी तुम्हाला सव्वासहा आठवड्यांत भरतात. हायवेवर इंजिन नीट तापतं, ऑइलमध्ये उतरलेला ओलावा उडून जातो. असं ऑइल 5 हजाराला काढणं म्हणजे चांगलं ऑइल फेकणं. दुरुस्ती एकच करा. मार्केटच्या रांगेत गाडी जागेवर चालू राहते ते मीटरवर दिसत नाही. जागेवरचा एक तास म्हणजे 40 किमी, असा ढोबळ हिशेब धरा. खेपेला एक तास धरला तरी सव्वासहा आठवड्यांत 25 तास, म्हणजे 1,000 किमी होतात. म्हणून मीटर 9 हजारावर आला की ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. पहिली सर्व्हिस मात्र पुस्तकात दिलेल्या आकड्यालाच, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

ऑइल किती दिवसांनी बदललं यापेक्षा कोणतं घातलं हे जास्त महत्त्वाचं. बीएस-6 गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ असतो. तो काजळी धरून ठेवतो आणि ठरावीक वेळाने सुमारे 600 अंशांवर जाळतो. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती तिथेच साठते. म्हणून कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घ्या. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलंसुरलं यात ओतू नका. दर सोमवारी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी कमी झाली तर कळतंच, पण वाढली तर जास्त काळजी करा. डीपीएफची सफाई अर्धवट राहिली की काही इंजिनांत जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि वरच्या खुणेच्या पुढे जातं. तेव्हा किलोमीटर न मोजता ऑइल बदलायचं, आणि सफाई पूर्ण का होत नाही तेही तपासून घ्यायचं. डीपीएफचा दिवा लागला तर गाडी बंद करू नका. मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून वीसेक मिनिटं एका वेगात चालवा. वाशीहून रिकामं परतताना हे आपोआप होतं. बांधावरून गावात, गावातून बांधावर अशा छोट्या फेऱ्यांच्या दिवसांत मात्र दिव्यावर लक्ष ठेवा.

आता डिझेल फिल्टर. मला विचाराल तर या गाडीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. कॉमन रेलचा (जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या यंत्रणेचा) पंप आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर यांना वंगण डिझेलचंच मिळतं, आणि आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. डिझेलमध्ये पाणी आलं की वंगण तुटतं, गंज धरतो आणि खर्च थेट इंजेक्टरवर जातो. पाणी येतं कुठून? रात्रभर अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन साचते, आणि घरी कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलमधून येतं. म्हणून मुक्काम करताना टाकी भरलेली असू द्या. फिल्टरच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. इंजिन बंद असताना, सकाळी, खाली काचेची बाटली धरून तो थोडा ढिला करा. पाणी जड असल्यामुळे आधी तेच पडतं आणि बाटलीत खाली वेगळं दिसतं. स्वच्छ डिझेल आलं की बंद. एरवी दर 5 हजाराला, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. फिल्टर बदलताना मधल्या भोकातून डिझेल ओतून तो भरू नका. ती गाळलेल्या डिझेलची बाजू असते, कचरा सरळ पंपात जातो. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबून हवा काढा. स्टार्टर मारत बसलात तर पंप कोरडा फिरतो.

एअर फिल्टरचं गणित हायवेवर ठरत नाही, शेतातल्या रस्त्यावर ठरतं. माल बांधावरून उचलत असाल तर दर 5 हजाराला उघडा. हवा मारायची ती आतून बाहेर, कमी दाबाने. टायरच्या हवेचा पूर्ण दाब मारला की कागदाला बारीक भोकं पडतात. ती धूळ आधी टर्बोची पाती खाते, मग इंजिनातले लायनर आणि रिंगा. चाकावर आपटून झटकणंही नको. आत बल्ब धरून बघा, ठिपक्यासारखा उजेड दिसला तर फिल्टर टाकून द्या.

गाडीला युरियाची वेगळी टाकी असेल तर त्यात तयार डीईएफच (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) घाला. त्यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. गोणीतला शेतीचा युरिया कालवून घालण्याचा मोह होतो, पण त्यातली अशुद्धी नोझलमध्ये आणि कॅटॅलिस्टवर बसते. आणि पंपावरच्या पोराला डिझेलचं झाकण नीट दाखवा. डीईएफ डिझेलच्या टाकीत पडलं तर गाडी चालूच करू नका, टाकी उतरवा.

खालची बाजू मेस्त्रीकडे, आणि इथे त्याचा 5 हजाराचा आकडा बरोबर आहे. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, शॅकल पिना, जिथे निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे तिथे ग्रीस. जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारायचा. पाण्यातून गाडी गेली असेल तर तारखेची वाट बघू नका. नव्या गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, त्यामुळे पहिल्या 1,000 किमीनंतर ते एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट आवळून घ्या. ते ढिले राहिले की पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी पळते.

आणि हो, नवी गाडी घेतली की लगेच मागे एक पाटा वाढवायची आपल्याकडे पद्धत आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड व्हॉल्व्ह असतो, तो चासी आणि एक्सलमधलं अंतर बघून भार ओळखतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. भरल्या गाडीने कसारा घाट उतरताना हे नको. पाटा वाढवलाच असेल तर व्हॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्या.

उरलेलं पटकन. गिअरबॉक्स आणि मागच्या हौसिंगचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या पेटीचं) ऑइल पहिल्यांदा लवकर, पुस्तकातल्या पहिल्या आकड्याला बदला, कारण नव्या दात्यांचा चुरा त्यात असतो. दोन्हींचे ग्रेड वेगळे असू शकतात, एकाच डब्यातून दोन्ही भरू देऊ नका. हौसिंग पाण्यात बुडालं असेल तर ऑइल दुधाळ झालंय का बघा. तापलेलं हौसिंग गार होताना पाणी आत ओढतं. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार रेडिएटरमध्ये धरतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतला ओलावा शोषतं आणि घाटात तापल्यावर उकळतं, पेडल पोकळ लागतं. टायरची हवा थंड टायरला, दारावरच्या स्टिकरप्रमाणे, भरल्या गाडीचा आकडा बघून. टायर काढून बसवला असेल तर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.